समुद्री मत्स्यटाकीच्या सम्पमध्ये गाळणयंत्रणा बसवताना

इमारतीच्या आवारात जमिनीखाली बांधलेल्या पाण्याच्या टाकीला आपण सम्प म्हणतो. समुद्री माशांच्या टाकीखाली, कपाटाच्या आत ठेवलेल्या दुसऱ्या काचटाकीलाही हौशी मत्स्यपालकांमध्ये तेच नाव रुळले आहे. मुख्य टाकीच्या कडेवरून ओसंडणारे पाणी नळीने या सम्पमध्ये उतरते, तेथे ते गाळले जाते, त्यातील सेंद्रिय मळ फेसाबरोबर वेगळा होतो, आणि शेवटच्या कप्प्यातील पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. सम्प करायला घेणारे बहुतेक जण आधी स्किमर (फेसाबरोबर सेंद्रिय मळ काढणारे यंत्र), रिअॅक्टर (शोषक दाणे भरलेले नळकांडे), हीटर खरेदी करतात आणि ते कोणत्या कप्प्यात मावतील हे मग पाहतात. हा क्रम उलटा असला पाहिजे असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक उपकरणाला पाण्याची ठरावीक खोली लागते, ती खोली कप्प्यांमधील काचपडद्यांच्या उंचीवर ठरते, आणि पडदे एकदा सिलिकोनने चिकटले की त्यांची उंची बदलणे म्हणजे सगळा सम्प पुन्हा उभारणे होय. म्हणून आधी पाण्याच्या पातळ्यांचा हिशेब करावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. मुख्य टाकी बाहेरून १२० × ५० × ५० सेंटिमीटर आहे, म्हणजे आतून साधारण ११८ × ४८. तिच्यातील पाण्याची पातळी एक सेंटिमीटरने बदलली तर ५.७ लिटर पाणी कमी किंवा जास्त होते. सम्प आतून ८८ सेंटिमीटर लांब, ३८ रुंद आणि ३९ उंच आहे. त्यात एका सेंटिमीटरला ३.३ लिटर पाणी बसते. खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करता दोन्ही टाक्यांत मिळून सुमारे ३०० लिटर पाणी धरू. हे आकडे एका कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढचे जवळजवळ सर्व निर्णय त्यांतूनच निघतात.

वीज गेल्यावर पाणी कुठे जाते

पंप थांबताच मुख्य टाकीच्या दातेरी कडेच्या वर असलेले पाणी खाली उतरते, हे सर्वांना माहीत असते. मात्र पाणी वर नेणाऱ्या नळीचे तोंड जर टाकीच्या पाण्यात बुडलेले असेल, तर तीच नळी उलट दिशेने वक्रनलिकेसारखी (सायफनसारखी) काम करू लागते आणि तोंड उघडे पडेपर्यंत टाकी रिकामी करत राहते. तोंड पृष्ठभागाखाली फक्त २ सेंटिमीटर असेल तर ११.४ लिटर, ओव्हरफ्लोच्या पेटीतील (दातेरी कडेवरून ओसंडलेले पाणी जिच्यात पडते ती) आणि नळ्यांतील पाणी धरून सुमारे १६ लिटर पाणी खाली येते आणि सम्पची पातळी ५ सेंटिमीटरने वाढते. तोंड १० सेंटिमीटर खोल असेल तर मात्र ६० लिटरहून अधिक पाणी उतरते. आपल्या सम्पमध्ये चालू पातळीच्या वर जेमतेम ५७ लिटरांची जागा आहे, आणि त्यातलीही काही उपकरणांनी व्यापलेली असते. माझ्या पहिल्या टाकीत प्रवाह वाळूजवळ पोहोचावा म्हणून मी ती नळी खोलवर सोडली होती. एका रात्री भारनियमनात वीज गेली आणि सकाळी खालच्या घराच्या छताला ओल आलेली होती. त्या दिवसापासून नळीचे तोंड पृष्ठभागाखाली दोन सेंटिमीटरच्या खाली न्यायचे नाही हा नियम मी पाळला आहे.

वक्रनलिका तुटावी म्हणून नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली ६ मिलिमीटरचे छिद्र पाडण्याची पद्धत आहे, आणि ते पाडावेच. परंतु शेवाळाने किंवा एखाद्या गोगलगाईने ते बुजू शकते, त्यामुळे हिशेब छिद्र नाहीच असे समजून करावा. एकेरी झडपेचेही तसेच आहे. तिच्यात वाळूचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही.

आता उलट शक्यता पाहू. उतरत्या नळीत काही अडकले आणि पंप चालूच राहिला, तर शेवटच्या कप्प्यातील पाणी वर चढत राहते आणि खाली येत नाही. आपला पंपाचा कप्पा २० सेंटिमीटर लांब ठेवला तर त्यात एका सेंटिमीटरला ०.७६ लिटर पाणी असते. पातळी १८ सेंटिमीटरवरून पंप हवा ओढू लागेल अशा ८ सेंटिमीटरपर्यंत उतरली, तर ७.६ लिटर पाणी वर जाते आणि मुख्य टाकी १.३ सेंटिमीटरने भरते. येथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: कप्प्यातील पातळी उतरली की बाष्पीभवनाची भरपाई करणारे स्वयंचलित यंत्र पाणी आटले असे समजून गोडे पाणी सोडू लागते, आणि तेही पंपाबरोबर वर जाते. गोड्या पाण्याचा साठा १५ लिटरांचा असेल तर आणखी २.६ सेंटिमीटर. म्हणून मुख्य टाकीची चालू पातळी काठापासून निदान ५ सेंटिमीटर खाली राहील अशा बेताने ओव्हरफ्लोची कड ठेवावी. पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवण्याचे कारणही हेच आहे.

कप्प्यांची आखणी

आपल्या ८८ सेंटिमीटर लांबीची वाटणी मी अशी करतो. डावीकडे १६ सेंटिमीटरचा गाळणपिशवीचा कप्पा, त्यानंतर स्किमरसाठी २६, शैवालासाठी १७, बुडबुडे अडवणाऱ्या पडद्यांसाठी ८ आणि शेवटी पंपासाठी २०. उरलेली जागा काचेच्या जाडीत जाते.

पिशवी आणि स्किमर यांच्यामधील पडदा तळापासून ४ सेंटिमीटर वर उचललेला असावा, म्हणजे पिशवीतून गाळलेले पाणी खालून पुढे सरकते आणि दोन्ही कप्प्यांची पातळी एकच राहते. स्किमरनंतरचा पडदा तळाला टेकलेला आणि २२ सेंटिमीटर उंच. शैवालाच्या कप्प्याच्या शेवटी २१ सेंटिमीटरचा पडदा, त्यानंतर ३ सेंटिमीटर अंतर सोडून तळापासून ३ सेंटिमीटर उचललेला पडदा, आणि पुन्हा तेवढेच अंतर सोडून २० सेंटिमीटरचा अखेरचा पडदा. पाणी पहिल्यावरून खाली, दुसऱ्याच्या खालून आणि तिसऱ्यावरून असे वळसे घेत जाते. ताशी १,२०० लिटर प्रवाह धरला तर ३ × ३८ सेंटिमीटरच्या फटीतून पाणी सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि बहुतेक बुडबुड्यांना वर निघून जायला तेवढी उसंत पुरते. पडद्यांची उंची २२, २१, २० अशी एकेका सेंटिमीटरने उतरती ठेवल्यामुळे पाणी धबधब्यासारखे आदळत नाही; मोठी पायरी म्हणजे आवाज, नवे बुडबुडे आणि काठावर साचणारे मीठ.

पडद्यांसाठी ६ मिलिमीटर काच पुरते. काच सम्पच्या आतील रुंदीएवढी कापू नये. ३८ सेंटिमीटरसाठी ३७.४ कापून घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिकोनसाठी ३ मिलिमीटर जागा राहते. सिलिकोन शुद्ध, सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारे घ्यावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकोनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते, ते माशांना घातक आहे. चिकटवण्याच्या जागा ब्लेडने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, पडदा बसवल्यावर त्याला टेकू द्यावा आणि आठवडाभर पाणी घालू नये. दोन दिवसांत वरून कोरडे वाटते, पण जाड थर आतून अजून ओलाच असतो.

कपाटाचेही माप याच वेळी घ्यावे. स्किमरचा फेस जमणारा पेला रोज-दोन रोजांनी उचलून काढावा लागतो. त्यामुळे ५० सेंटिमीटर उंचीचा स्किमर साडेतीन सेंटिमीटरच्या पाटावर ठेवला, तर पेला सुटून बाहेर यायला त्याच्या वर आणखी १२ ते १५ सेंटिमीटर लागतात. कपाटासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे. खारट दमट हवेत दुसरे लाकूड कडांवरून फुगते. सम्पखाली थर्माकोलचा तक्ता घालावा आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने चारही कोपऱ्यांची समपातळी तपासावी, कारण सम्प एका बाजूला कलला तर पडद्यांचा हा एक-एक सेंटिमीटरचा हिशेब निरर्थक होतो. सम्प दारातून आत जातो ना, हेही मुख्य टाकी वर चढवण्याआधी पाहावे.

नळ्या आणि झडपा

नळकामाच्या दुकानात टाकीला जोडण्यासाठी टँक निपल मागितला तर पुष्कळदा पितळेचा हातात पडतो. तो समुद्री टाकीसाठी कदापि घेऊ नये. पितळेत तांबे असते, आणि तांबे अगदी अल्प प्रमाणातही कोळंबी, गोगलगाई व प्रवाळांसारख्या जिवांना मारते. पितळी किंवा गनमेटलचे व्हॉल्व्ह, जस्ताचा लेप दिलेल्या जीआय नळ्या, लोखंडी क्लिपा हे सारे वर्ज्य समजावे. स्टेनलेस स्टीलच्या साध्या क्लिपाही खाऱ्या पाण्यात गंजतात. यूपीव्हीसी नळ्या, यूपीव्हीसी किंवा एबीएसचे जोड आणि प्लास्टिकच्या क्लिपा एवढ्यावर काम भागते.

उतरत्या नळ्या दोन ठेवाव्यात. एक पाण्याने पूर्ण भरून वाहणारी, जिच्यावर झडप असेल. दुसरी तिच्याहून थोडी उंच तोंडाची, एरवी कोरडी राहणारी आणि झडप मुळीच नसलेली. पहिली अडखळली तर दुसरी सगळे पाणी एकटी नेऊ शकली पाहिजे. पहिल्या नळीसाठी शक्य असेल तर पीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह मिळवावा; बॉल व्हॉल्व्ह थोडासा फिरवला तरी प्रवाह एकदम बदलतो आणि ओव्हरफ्लोच्या पेटीतील पातळी स्थिर करताना दमछाक होते. नळीचे खालचे तोंड सम्पच्या पाण्यात २ ते ३ सेंटिमीटरच बुडवावे. ते अधिक खोल गेले तर पंप सुरू होताना नळीतील हवेला बाहेर पडता येत नाही आणि नळी गुरगुरत राहते. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे वापरावेत आणि प्रत्येक उपकरणाजवळ युनियन (हाताने उघडता येणारा जोड) लावावी, म्हणजे पुढे साफसफाईसाठी नळी कापावी लागत नाही. पंप आणि ताठ नळी यांच्यामध्ये वीतभर सिलिकोनची लवचिक नळी घातली की पंपाचा थरथराट कपाटाला पोहोचत नाही.

पंप निवडताना खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो हे ध्यानात ठेवावे. ताशी ३,००० लिटर आणि कमाल उंची ३ मीटर असे लिहिलेला पंप, चढ आणि वळणे मिळून १.८ मीटरच्या विरोधात साधारण १,२०० लिटरच देतो. आपल्याला नेमके तेवढेच हवे आहे, कारण सम्पमधून तासाला एकूण पाण्याच्या तीन ते पाच पट प्रवाह पुरेसा असतो. माशांना आणि प्रवाळांना लागणारे जोरदार हेलकावे मुख्य टाकीतील वेगळ्या पंपांनी निर्माण करावेत.

उपकरणे, पाण्याच्या वाटेवरून

गाळणपिशवी २०० मायक्रॉनची घ्यावी आणि तिची पट्टी २८ ते २९ सेंटिमीटर उंचीवर बसवावी, म्हणजे वीज गेल्यावर २७ सेंटिमीटरपर्यंत चढणाऱ्या पाण्यात ती बुडत नाही, आणि पिशवी तुंबली तर पाणी तिच्या काठावरून पुढच्या कप्प्यात पडते, सम्पबाहेर नाही. पिशवी तीन-चार दिवसांनी बदलावीच लागते. त्यात अडकलेली घाण पाण्यातच कुजत राहिली तर पिशवी नसलेली बरी.

प्रोटीन स्किमर हे या यंत्रणेचे हृदय आहे. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटणारे सेंद्रिय पदार्थ तो अमोनियात रूपांतर होण्याआधीच बाहेर काढतो. गोड्या पाण्यात असा टिकाऊ फेस होत नाही, म्हणून हे उपकरण समुद्री टाकीतच उपयोगी पडते. उत्पादकाने सांगितलेली खोली, समजा १९ सेंटिमीटर, काटेकोरपणे सांभाळावी: पडद्यावरून वाहताना पाणी अर्ध्या सेंटिमीटरने वर राहते, म्हणजे कप्प्यात साडेबावीस सेंटिमीटर पाणी असेल, आणि म्हणून पाट साडेतीन सेंटिमीटरचा. स्किमरचे बाहेर पडणारे पाणी पुढच्या पडद्याकडे तोंड करून ठेवावे, नाहीतर तेच पाणी पुन्हा आत ओढले जाते. नवा स्किमर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, नीट फेस देत नाही किंवा एकदम उतू जातो. तेवढ्या काळात त्याची झडप सतत फिरवत बसू नये. खिडक्या बंद करून वातानुकूलित ठेवलेल्या घरात हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा सामू (पीएच) उतरतो. अशा घरात स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर नेल्यास फरक दिसतो.

वीज परत आली की सम्पची पातळी काही मिनिटे चढलेलीच असते, आणि त्या वेळी स्किमर सुरू झाला तर साठवलेला सगळा मळ पेल्यातून उतू जाऊन पाण्यात परततो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा ये-जा करते, त्यामुळे स्किमरच्या सॉकेटला दहा मिनिटांनी चालू होणारा डिले टायमर लावणे मी अत्यावश्यक मानतो.

हीटर लागलाच तर तो स्किमरच्याच कप्प्यात, आडवा ठेवावा, कारण येथील पातळी कधी उतरत नाही. पंपाच्या कप्प्यात पाणी आटले की उघडा पडलेला तापलेला काचेचा हीटर तडकतो. मुंबईत आणि कोकणात हीटरपेक्षा चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, प्रश्न मोठा. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत ते तिशीपार जाते. सम्पवर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनामुळे पाणी थंड होते, पण हवा आधीच ओलसर असेल तर हा उपाय लंगडा पडतो. पुणे-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पुष्कळ चांगला चालतो. चिलर घेतला तर त्यातील नळी टायटॅनियमची आहे याची खात्री करावी आणि तो कपाटाबाहेर ठेवावा, नाहीतर त्याने बाहेर टाकलेली उष्णता बंद कपाटातून पुन्हा पाण्यातच शिरते.

शैवालाच्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे गुंतवळासारखे शैवाल ठेवतात. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून वाढते आणि मूठभर काढून टाकले की ती पोषकद्रव्ये टाकीबाहेर जातात. त्याचा दिवा मुख्य टाकीचा दिवा बंद असताना लावावा. त्यामुळे रात्री घसरणारा सामू सावरतो. पुढच्या पडद्यावर प्लास्टिकची जाळी हवी, नाहीतर धागे पंपात जातात. जिवाणूंना राहण्यासाठी याच कप्प्यात सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे ठेवावेत. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही आहेत. किनाऱ्यावरून प्रवाळाचा खडक उचलून सम्पमध्ये टाकणे हा गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. सिरॅमिकवर अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू चार ते सहा आठवड्यांत स्थिरावतात; तोपर्यंत मासे आणू नयेत.

कार्बनचा आणि फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त दाण्यांचा रिअॅक्टर सम्पच्या काठाला टांगता येतो. दाणे आधी धुवावेत आणि वरचा थर हलकेच उसळेल इतकाच प्रवाह द्यावा. जोरात घुसळले तर त्यांची पूड होऊन ती टाकीभर पसरते.

भरपाईचे पाणी आणि वीज

बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. आपल्या सम्पमध्ये पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात उतरते, आणि दिवसाला ३ लिटर आटले तर ती ४ सेंटिमीटरने खाली येते. म्हणजे अडीच दिवसांत पंप हवा ओढू लागेल. म्हणून भरपाईच्या यंत्राचा संवेदक याच कप्प्यात, १८ सेंटिमीटरवर बसवावा. साठा मोठा ठेवण्याचा मोह आवरावा: १५ लिटर गोडे पाणी चुकून एकदम सुटले तर क्षारता हजारी ३५ वरून सुमारे ३३ वर येते, जे बहुतेक जीव सोसतात, ५० लिटर सुटले तर ती ३० वर येते.

भरपाईसाठी घरातील पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी वापरू नये. चवीसाठी त्यात थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे मिसळलेली असतात, आणि हल्ली तर मुद्दाम तांबे मिसळणारी यंत्रे घरोघरी आहेत. आरओनंतर डीआय राळेतून (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) गेलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच घ्यावे.

विजेचा बोर्ड सम्पच्या वर कधीही नको. तो कपाटाच्या बाहेर किंवा बाजूच्या भिंतीवर उंच असावा. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी तेथून खाली गळते. समुद्राचे पाणी उत्तम विद्युतवाहक आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चालू स्थितीतले अर्थिंग नसेल तर पाण्यात हातही घालू नये.

चाचणी

मीठ कालवण्याआधी सगळी यंत्रणा साध्या पाण्यावर निदान २४ तास चालवावी. पंप बंद ठेवून मुख्य टाकी कडेपर्यंत भरावी, मग सम्प भरत पंप सुरू करावा आणि पंपाच्या कप्प्यात १८ सेंटिमीटरवर पाणी स्थिर झाले की काचेवर पट्टी चिकटवावी. त्यानंतर मुख्य बटण बंद करून पाणी किती चढते ते पाहावे आणि तेथे दुसरी पट्टी लावावी. हे तीन वेळा करावे, कारण हवा अडकल्याने पहिली वेळ कधी कधी फसवी असते. मग पंप चालू ठेवून पहिल्या उतरत्या नळीची झडप पूर्ण बंद करावी. दुसऱ्या नळीने सगळे पाणी नेले तर काम बरोबर आहे. शेवटी तीही बोळ्याने बंद करून, साठ्यातील भरपाईचे पाणी वर जाऊ देऊन, मुख्य टाकी काठाच्या किती खाली थांबते ते डोळ्यांनी पाहावे.

हे सगळे आकडे, म्हणजे चालू पातळी, वीज गेल्यानंतरची पातळी, स्किमरची खोली आणि पंपाचा वेग, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावेत. आपण गावाला गेलो असताना शेजारी टाकीवर लक्ष ठेवणार असतील, तर त्यांना दार उघडून पाणी दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे की नाही एवढेच पाहायला सांगावे.